मिरजेची माणसं कोल्हापुरात, कोल्हापूरची मिरजेत

कोल्हापूरची माणसं रक्त तपासायला मिरजेला जातात आणि मिरजेची कोल्हापुरात येतात. एचआयव्हीच्या कामात ज्यांनी थोडे दिवस जरी काढलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. निपाणीची बाई गडहिंग्लजला उतरते, गडहिंग्लजचा गडी बेळगाव गाठतो. दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो, गोळ्या फुकट असतात, तरी माणूस दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून लांब जातो. कारण एवढंच की तिथल्या रांगेत कुणी विचारत नाही, "काय गा, तू हितं कसा?"

मी कोल्हापूर जिल्ह्यात सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रावर समुपदेशक होते. कंत्राटी. दर वर्षी ऑर्डर निघायची, दर वर्षी वाटायचं यंदा निघत नाही. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कुलपाचं कपाट, आणि दाराला पडदा. पडद्याची मागणी मी लेखी दिली होती. तो येईपर्यंत घरची जुनी साडी लावली होती, ती नंतरही तशीच राहिली.

गोळ्यांच्या बाटलीचं सांगते. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधाची, बाटली तीस गोळ्यांची असते, आणि ती खुळखुळते. एसटीत पिशवी मांडीवर घेतली की प्रत्येक खड्ड्याला आवाज. शेजारची बाई विचारणारच, "कसल्या ओ गोळ्या?" म्हणून बायका सेंटरच्या आवारातच लेबल सोलायच्या, बाटली कचऱ्यात टाकायच्या आणि गोळ्या रुमालात बांधून न्यायच्या. एकीनं हिंगाची रिकामी डबी वापरली. पुढच्या महिन्यात आली ती तक्रार घेऊनच, गोळी तोंडात धरवत नाही, हिंगाचा वास येतो. गोळ्यांना दमट हवा चालत नाही म्हणून बाटली बदलू नका असं आम्ही सांगायचो. मग बाटलीत वर कापूस घालायचा हा तोडगा निघाला. तो आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलेला नव्हता, रांगेतल्याच एका बाईनं दुसरीला शिकवला होता. मी तेवढा पुढं पसरवला.

तर ही मिरज-कोल्हापूर अदलाबदल लपायची सोय होती, आणि ती आम्ही चालू द्यायचो. कागदोपत्री त्याला 'ट्रान्सफर आउट' म्हणतात.

आता शेजारचं गावच नसेल तर माणसानं काय करायचं?

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी नर्स आहे. मिरजेत शिकली, मुंबईत नोकरी केली, मग कॅनडाला गेली आणि तिथून जाऊन बसली नुनावुतमध्ये. मी नकाशावर शोधलं तेव्हा बोट वर वर सरकवत नेलं तरी सापडेना. १ एप्रिल १९९९ ला कॅनडानं हा वेगळा प्रदेश केला. महाराष्ट्राच्या सहापट मोठा मुलूख, आणि माणसं सगळी मिळून चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपलं कागल आणि आजूबाजूची एखाद-दोन खेडी. त्यातली बहुतेक इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. पंचवीस गावं, आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही. विमान, नाहीतर बर्फावर चालणारी गाडी, उन्हाळ्यात होडी. मोठं इस्पितळ म्हणावं असं एकच, राजधानी इकालुइतला. बाकी गावांत हेल्थ सेंटर, आणि ते नर्सच चालवतात. डॉक्टर अधूनमधून विमानानं येतो. त्यापलीकडं काही लागलं तर रुग्णालाच विमानात घालून दक्षिणेला ओटावा, नाहीतर विनिपेगला पाठवतात.

मी तिला पहिला प्रश्न विचारला तो तांदूळ मिळतो का हा. मिळतो, पण भाव ऐकून मी गप्प बसले.

नंतर एकदा ती म्हणाली, "मावशी, इथं आमच्या सेंटरच्या दारात उभं राहिलं की सगळं गाव दिसतं. आणि सगळ्या गावाला आमचं दार दिसतं."

एचआयव्हीचे रुग्ण तिकडं अगदी थोडे. इतके थोडे की गाववार आकडा छापला तर तो आकडा म्हणजे एका माणसाचं नावच छापल्यासारखं होईल. पण क्लॅमिडिया आणि गनोरियाचं प्रमाण कॅनडाच्या सरासरीच्या कितीतरी पट जास्त, आणि २०१२ पासून सिफिलिसचीही साथ. एचआयव्हीच्या कामातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. जिथं गुप्तरोग फिरतात तिथं एचआयव्हीला वाट तयारच असते, शिवाय गुप्तरोगाच्या जखमेतून तो शिरतोही लवकर. माणसं उपचाराला, शिकायला, कामाला दक्षिणेच्या शहरांत जातात आणि परत येतात. त्यामुळं आग लागायच्या आधीच पाणी भरून ठेवावं, असं तिकडच्या बायकांनी बरंच आधी ठरवलं. पाउक्टूटिट ही कॅनडातल्या इनुइट बायकांची संघटना, १९८४ ची. एचआयव्हीचं बोलणं इनुइट भाषेत, इनुइट माणसांच्या तोंडून व्हायला हवं हे तिनं लावून धरलं.

यात भाषेचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न आठवणींचा होता.

भाची मला सी. डी. हाउ नावाच्या जहाजाबद्दल बोलली तेव्हा मी नंतर शोधून शोधून वाचलं. १९५० पासून हे सरकारी जहाज उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या वस्त्यांना जायचं. त्यावर एक्स-रे यंत्र. वस्तीतल्या सगळ्यांना जहाजावर चढवायचं, छातीचा फोटो काढायचा, आणि टीबी दिसला तर त्या माणसाला परत किनाऱ्यावर उतरू द्यायचं नाही. लेकराला बघून येतो म्हटलं तरी नाही. तिथून थेट दक्षिणेचं सॅनेटोरियम. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइट माणसांतलं एक असं दक्षिणेत उपचाराला होतं. काही वर्षांनी परतले, काही परतलेच नाहीत, आणि कुठं पुरलं ते घरच्यांना कळवलंही नाही. ८ मार्च २०१९ ला कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो इकालुइतला गेले आणि त्यांनी याबद्दल सरकारच्या वतीनं माफी मागितली. घरच्यांना थडगी शोधून द्यायचं काम त्याच दिवशी जाहीर झालं.

ज्या म्हातारीची आई अशी जहाजावर चढली आणि उतरली नाही, तिला तुम्ही सांगणार, 'आजी, थोडं रक्त द्या, काही नाही, नुसती तपासणी आहे'?

हे वाचताना मला गोवा आठवत होता. आपल्या खालीच, फोंडा घाट उतरला की झालं. फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून नेलं. तो नियमित रक्तदान करायचा आणि त्याचं रक्त एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालं होतं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला चौसष्ट दिवस म्हापशात कोंडून ठेवलं. कुठं? टीबीच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, मुंबईत वेश्यावस्त्यांवर छापे घालून शेकडो बायकांना धरलं, त्यांची जबरदस्तीनं तपासणी केली आणि रेल्वेनं तमिळनाडूला धाडलं. आमच्या भागातल्या वस्त्यांवर ही बातमी पेपरातून आली नाही, बायकांच्या तोंडून आली. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, तोंडची बातमी जात नाही. मी नोकरीला लागले तेव्हा त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती, तरी रक्त काढायची ट्रे बघितली की जुन्या बायका विचारायच्या, "मग कुठं नेणार?"

आमच्याकडची गाठ पहिल्यांदा सोडवली ती सांगलीच्या बायकांनी. 'संग्राम' ही संस्था १९९२ मध्ये तिथं सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या मीना सेषू यांचं नाव या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला सगळ्या संस्था करतात तेच, कंडोम वाटप आणि माहिती. पण वाटणाऱ्या बाया धंद्यातल्याच होत्या, आणि १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. पुढं अमेरिकेनं मदतीला अट घातली की वेश्याव्यवसायाला विरोध आहे असं लिहून द्या. त्यांनी २००५ मध्ये ते लिहून द्यायचं नाकारलं आणि पैसे परत केले. आमच्या ऑफिसात त्यावर बरीच कुजबुज झाली. 'पैसे परत? वेड लागलंय.' मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्या सहीनंतर एकाही वस्तीत त्यांना कुणी दार उघडलं नसतं.

माझ्या ओळखीत अशी एक आक्का होती. नाव सांगत नाही. सुपरवायझरपासून पोलीस शिपायापर्यंत सगळे तिला आक्काच म्हणायचे. प्रकल्पाच्या भाषेत ती पीअर एज्युकेटर, म्हणजे वस्तीतलीच आणि वस्तीतल्यांना शिकवणारी. मानधन इतकं की तिचा पान-तंबाखूचा खर्च निघावा. तिच्याकडं कंडोमचं प्रात्यक्षिक दाखवायचं लाकडी मॉडेल होतं, ते ती खणाच्या ब्लाउज पीसमध्ये गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवायची. नवी पोरगी वस्तीत आली की आक्का तिला आधी जेवायला घालायची. भाकरी, झुणका, वर ठेचा. हात धुतले की ब्लाउज पीस सोडायची.

"आदी तारीख बघ. दुधाच्या पिशवीची बघतीस न्हवं? तशीच ह्याची बघायची. हितनं फाडायचं, कडंला दाते असत्यात तितनं. दातानं फाडायचं न्हाई, दात हायत ते भाकरीला. आता टोक चिमटीत धर. दाब. हवा ऱ्हायली की फुटतंय. असं गुंडाळत खाली न्यायचं, ओढायचं न्हाई. काढल्यावर गाठ मार, कागदात गुंडाळ आणि डब्यात टाक. गटारीत टाकलंस तर मी बघून घेतो."

पोरगी हसायची, मग लाजायची, मग स्वतः करून बघायची. तेच मी आमच्या खोलीत तक्ता लावून शिकवलं की ती नुसती मान डोलवायची. सौंदत्तीची यात्रा करून लोक परतले की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेला अंबील यात्रा भरते. तिथं आक्का आंबील-घुगऱ्याच्या गर्दीत डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या जोगत्यांजवळ जाऊन बसायची. आमचा स्टॉल मंडपाच्या कडेला, बॅनर, पत्रकं, टोपीवाले स्वयंसेवक. स्टॉलवर येणारी माणसं पत्रक घेऊन त्यावर प्रसाद ठेवायची. आक्का मात्र संध्याकाळपर्यंत चार-पाच जणांशी नीट बोललेली असायची, आणि त्यातले एक-दोघे आठवड्यात तपासायला यायचेच. पण आमच्या केंद्रात यायचे नाहीत. तिनंच सांगितलेलं असायचं, तू सांगलीला जा.

भाचीच्या गावात असली जागा रेडिओची आहे. मोबाइलचं नेट येतं-जातं, पण गावचा एफएम चालू असतो. चालवणारे गावचेच. दुपारी कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाची हरवलेली हातमोजी, शिकारीला गेलेला कोण अजून परतला नाही, आणि रात्री बिंगो. बिंगोच्या आकड्यांसाठी सगळं गाव रेडिओला कान लावून बसतं. तिच्या आधीच्या नर्सबाईनं हे हेरलं आणि बिंगोच्या आधीची थोडी वेळ मागून घेतली. एक म्हातारी, तिकडं ज्यांचा शब्द चालतो अशी, इनुक्टिटुत या त्यांच्या भाषेत बोलते. नर्स शेजारी बसते आणि विचारलं तर सांगते. लोक फोन करतात. म्हातारी लाजत नाही. तिच्या लहानपणी असलं सगळं तंबूत आजीच्या शेजारी शिवण शिवताना कानावर पडायचं. ते मधल्या पिढीत तुटलं. पोरांना घरापासून तोडून निवासी शाळांत नेलं, तिथं भाषा बोलली की शिक्षा, आणि आईबापाशी असलं बोलायचं वय शाळेच्या वसतिगृहातच गेलं. ती पोरं आता आईबाप झालीत आणि त्यांना स्वतःच्या मुलांशी कसं बोलायचं ते कळत नाही. इकालुइतच्या आरोग्य-संशोधन केंद्रानं पालकांशी बोलून हे नोंदवलंय. पालकांना बोलायचं असतं, सुरुवात होत नाही. रेडिओवरची म्हातारी ती सुरुवात करून देते. घरात सगळे एकत्र ऐकतात, कुणाला कुणाकडं बघावं लागत नाही.

तिकडं बैठकीची सुरुवातही एखादी वयस्क बाई सीलच्या तेलाचा दगडी दिवा लावून करते. भाचीनं फोटो पाठवला. म्हातारी जमिनीवर बसून वात सारखी करत होती आणि बाकीचे थांबले होते. मला आमच्या १ डिसेंबरच्या, एड्स दिनाच्या कार्यक्रमातलं दीपप्रज्वलन आठवलं. समई एक, मान्यवर सहा, मेणबत्ती एक, आणि कॅमेरावाला ओरडतोय, "साहेब, इकडं बघा." समईतली वात पेटली की नाही ते कुणी बघितलेलं नसायचं.

इथपर्यंत माझं आणि भाचीचं एकमत. पुढं आमची जुंपते.

तिचं म्हणणं असं, बोलणं जर गावच्या माणसानं केलेलं चालतं तर तपासणीही त्यांनीच करावी. बोट टोचून वीस मिनिटांत निकाल देणारी किट आहेत. गावातल्या दोघीतिघींना शिकवलं तर नर्स नसली तरी, विमान आलं नाही तरी, वादळ आठवडाभर राहिलं तरी काम थांबणार नाही. आपल्याकडंही आता नॅकोच्या, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, प्रकल्पांत पीअर बोटाच्या रक्तावर पहिली चाचणी करतात, पॉझिटिव्ह आली तर पक्की करायला केंद्रावर पाठवतात. मग विरोध कशाला?

मी विरोध करत नाही. मी म्हणते, निकाल कुणाच्या हातात येतो ते बघ.

एक उदाहरण देते. तपशील बदललेत. एका गावातली सून गरोदर. गावच्या आरोग्य दिवसाला सगळ्या गरोदर बायांची तपासणी होते, चांगली गोष्ट आहे, त्यातूनच पोटातल्या बाळाला वाचवता येतं. पण त्या गावची आशा सेविका होती तिची सख्खी जाऊ. आशा कामाला चोख, एकही बाई चुकवायची नाही. सुनेला नवऱ्याबद्दल शंका होती. तिनं काय करावं? तारीख आली की ताप आलाय म्हणायची, नाहीतर माहेरी जायची. जावेला वाटायचं ही आळशी. शेवटी सातव्या महिन्यात ती माहेरच्या नावानं आमच्याकडं आली, दोन एसट्या बदलून. आपल्या माणसानं केलेलं काम म्हणून आम्ही ज्याचं कौतुक करतो, त्यातलंच आपलं माणूस तिला नको होतं.

आणि भाचीच्या सेंटरमध्ये काय आहे? नर्सा बाहेरच्या, सहा महिन्यांनी बदलणाऱ्या. पण फाइल काढणारी कारकून गावची, दुभाषी गावची. म्हाताऱ्या माणसाला इंग्रजी येत नाही म्हणजे त्याचा सगळा हिशेब दुभाषीच्या कानातून जातो, आणि ती त्याच्या भावाची सून असते. तिनं बाहेर बोललं नाही तरी तिला कळलं, एवढं पुरे असतं. आपल्याकडं २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगायचं नाही. चांगला कायदा आहे. पण जाऊ स्वयंपाकघरात ज्या नजरेनं बघते त्यावर कलम लागत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय, आणि मी ते कामात असताना बैठकीतही मांडलं होतं, की सांगायला आपलं माणूस हवं आणि टोचायला परकं चालतं. किंबहुना परकंच बरं. कुणाला उलट हवं असेल तर तसं. ठरवू द्या ज्याचं त्याला. बैठकीत साहेबांनी ते 'समुदायाचा सहभाग' या रकान्यात 'होय' असं लिहून घेतलं आणि चहा मागवला.

भाची म्हणते, "मावशी, तू म्हणतेस ते परकं माणूस आणायला इथं विमानाचं तिकीट लागतं."

ते खरंच आहे. तिच्याकडं मिरज नाही. मग आम्ही दोघींनी बसून विचार केला की मिरज तयार कशी करायची. कॅनडानं नोव्हेंबर २०२० मध्ये घरी स्वतः करायच्या एचआयव्ही चाचणीला मान्यता दिली आहे. थेंबभर रक्त कागदावर वाळवून पाकिटातून प्रयोगशाळेला पाठवायची पद्धतही आहे, त्याला नळी नको की बर्फ नको. तिकडं बर्फ मागावं लागत नाही ही गोष्ट वेगळी. ही किट हेल्थ सेंटरच्या काउंटरवर ठेवली तर घेणारा दिसणारच. म्हणून ती कंडोमच्या डब्याशेजारी, जिथं सगळेच जातात तिथं, दुकानाच्या संडासात, शाळेच्या जिमखान्यात ठेवावीत. आमच्या आक्कानंही हेच केलं होतं. कंडोम पानपट्टीवाल्याकडं ठेवायची, कारण पानपट्टीवर उभ्या माणसाला कुणी 'हितं कसा' विचारत नाही.

निकाल पॉझिटिव्ह आला तर मात्र माणूस एकटा नको. तिथं फोन हवा, आणि फोनवर परकं, पण त्याची भाषा बोलणारं कुणीतरी. आपल्याकडं १०९७ आहे, फुकट. तो नंबर मी इतक्या पत्रकांवर शिक्क्यानं उमटवलाय की अंगठ्याची शाई जायची नाही.

उपचाराचं मी पहिल्या दिवसापासून एकच सांगत आले, फक्त सांगायचा मजकूर बदलत गेला. १ एप्रिल २००४ ला सरकारनं मोफत एआरटी चालू केली तेव्हा ती मोजक्या मोठ्या दवाखान्यांत होती, आणि सीडी४, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा, खाली गेल्याशिवाय गोळी मिळायची नाही. माणसं 'अजून खाली आला नाही' ऐकून परत जायची आणि पुन्हा दिसायची नाहीत. २०१७ पासून निदान झालं की गोळी. आता दिवसाला एक. ती रोज घेतली, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, इतका खाली गेला की मशीनला दिसेना, आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे वाक्य मी पुरुषांना सांगितलं की ते पुन्हा विचारायचे. बायका विचारायच्या नाहीत, त्या आधी रडायच्या, मग मुलाचं विचारायच्या.

रेडिओचं बरं चाललंय असं मला वाटत होतं, तर भाचीनं नवी अडचण सांगितली. पोरं फोन करत नाहीत. म्हाताऱ्या करतात, मधल्या वयाचे करतात, पोरं नाही. कारण आवाज ओळखतात.

"मग चिठ्ठ्या मागव," मी म्हटलं.

"अक्षर ओळखतात."

इथल्या कॉलेजात रेड रिबन क्लबच्या, म्हणजे एचआयव्हीची माहिती देणाऱ्या मंडळाच्या, तासाला आम्ही एक युक्ती करायचो. चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची. प्रश्न असो नसो. ज्याला प्रश्न नाही त्यानं सतराचा पाढा लिहायचा. म्हणजे वर्गात सगळ्यांच्याच माना खाली, सगळ्यांचीच पेनं चालू, आणि कुणी काय लिहिलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. मागच्या बाकावरची पोरं पाढा चुकीचा लिहायची हा भाग निराळा. भाचीनं तिथल्या शाळेत हेच केलं. पाढ्याऐवजी हॉकीच्या आवडत्या टीमचं नाव. चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत लिहायच्या, आणि पेटी तिच्याकडंच राहणार, शाळेतल्या कुणाकडं नाही.

बऱ्याच चिठ्ठ्यांवर हॉकी निघाली. उरलेल्या तिनं मला वाचून दाखवल्या. पहिलाच प्रश्न ऐकून मी हसले: डास चावल्यानं होतो का? मला वाटलं होतं तिकडं डास नसतील. उन्हाळ्यात ढगासारखे असतात म्हणे. उत्तर कोल्हापूरचंच चालतं. डासाच्या पोटात हा विषाणू वाढत नाही, पचून जातो. आणि डास चावताना आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही.

दुसरा प्रश्न मला कधीच कुणी विचारला नव्हता. दोघी मिळून सील सोलताना एकाच सुरीनं दोघींचं बोट कापलं तर? उलू म्हणून बायकांची अर्धचंद्रासारखी सुरी असते, ती हातोहात फिरते. शहाण्या पोरीचा प्रश्न आहे. सीलच्या रक्ताची भीती नाही, हा माणसाचा विषाणू. एकीच्या ताज्या रक्तातून दुसरीच्या ताज्या जखमेत जाणं कागदावर शक्य, प्रत्यक्षात धोका अगदीच नगण्य. सुरी धुवा, जखम साबणानं धुवा, पट्टी बांधा, आणि पुढं सोला.

तिसरी चिठ्ठी एका ओळीची. गोळ्या घेणाऱ्या बाईला मूल झालं तर ते बरं असतं का?

असतं. गरोदरपणात गोळ्या नीट घेतल्या, विषाणू दबलेला राहिला आणि बाळाला जन्मल्यावर औषध दिलं तर शंभरातल्या एखाद्यालाही क्वचितच लागण होते. आमच्याकडं अशी मुलं आता मोठी झालीत, एक तर तालमीत जातो.

भाची थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मोठ्या अक्षरात लिहिलंय, तरी मला अक्षर ओळखू येतंय."

मी म्हटलं, मग तिला बोलावू नको. उत्तर रेडिओवर दे, बिंगोच्या आधी, सगळ्या गावाला.